सीताफळाला आच दाखवायची नाही

(दृश्य : घाटातली सकाळ. मुरमाड उतार, धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, झाडं, डोक्यावर टोपली घेऊन उतरणाऱ्या बाया.)

बुलढाणा जिल्ह्यात माणूस गाव सांगतो तेव्हा सोबत घाटावरचं की घाटाखालचं तेही सांगतो. चिखली, मेहकर घाटावर. खामगाव, मलकापूर, नांदुरा घाटाखाली. मधला उतार अजिंठ्याच्या डोंगररांगेचा. तिथल्या मुरमात कापूस जेमतेम गुडघ्याएवढा होतो, पण सीताफळ तरारून येतं. त्याला कोणी खत देत नाही, पाणी देत नाही. शेळ्या-गुरं त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून धुऱ्यावर आपसूक उगवलेलं रोप टिकतं आणि तीन-चार वर्षांत फळाला लागतं.

हे झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. पण त्याला इथलं रान असं मानवलं आहे की परकं म्हणायला जीभ रेटत नाही.

आश्विन लागला की तोडणी सुरू होते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या दिसतात. त्या टोपल्यांत कडक फळं असतात, कारण व्यापाऱ्याला कडकच लागतात. पिकलेलं सीताफळ प्रवासाला टिकत नाही. हात लावला की फुटतं. मग जे उकललं, जे एका बाजूने मऊ पडलं, ते विकायला जात नाही. ते घरात राहतं.

आपण आज आलो आहोत ते या घरी राहिलेल्या फळांसाठी, आणि आटवलेल्या दुधात त्यांचा गर घालून होणाऱ्या गोडासाठी.

(दृश्य : ओसरीवर आजी. समोर कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग. त्यातून एकेक फळ काढून हलकेच दाबून पाहतात.)

आजींनी ही फळं कुटारात दाबून ठेवली होती. तोडताना त्या रंगाकडे बघत नाहीत, खाचा बघतात. सीताफळाचे दोन डोळे, म्हणजे सालीवरचे फुगवटे, एकमेकांपासून दूर सरकले, मधली खाच रुंद होऊन पिवळसर-पांढरी झाली, की फळ तयार. त्याआधी तोडलं तर ते कुटारात ठेवा नाहीतर धान्यात, गोडी येत नाही. काळं पडून दगडासारखं आक्रसतं. वेळेवर तोडलेलं मात्र दोन-चार दिवसांत मऊ होतं.

(दृश्य : एका वाकड्या फळाचं जवळून चित्रण.)

हे फळ बघा. एक बाजू फुगीर, दुसरी बाजू दबलेली. सीताफळाचा प्रत्येक डोळा हा फुलातल्या एकेका स्त्रीकेसरापासून तयार होतो. म्हणजे वरवर एक दिसणारं हे फळ आतून अनेक फळांचा मेळ आहे. या फुलातला स्त्रीभाग आधी पक्व होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच फुलाच्या कामी सहसा येत नाहीत. लहान भुंगेरे या फुलातून त्या फुलात जातात, तेव्हा काम होतं. ज्या डोळ्यापर्यंत पराग पोचला नाही तो भरत नाही, आणि फळ वाकडं होतं. बाजारात वाकड्या फळाला भाव कमी. आजींच्या घरी तसा काही नियम नाही. फुगीर बाजूला गर भरपूर असतो, तेवढं त्यांना पुरे आहे.

(दृश्य : अंगणातली चूल. गंजात, म्हणजे पातेल्यात, दूध ओततात.)

साहित्य सांगायला वेळ लागणार नाही. म्हशीचं १ लिटर दूध, चार-पाच मोठी पिकलेली सीताफळं, मूठभर चारोळी. एवढंच.

चूल पेटवायला पऱ्हाटी घेतली आहे. कपाशीची वाळलेली झाडं या भागात प्रत्येक घरामागे रचलेली असतात. पण पऱ्हाटी भडकन पेटते आणि तशीच बसते. दूध आटवायला तिचा उपयोग नाही. म्हणून उकळी आली की आजी बाभळीचं एकच लाकूड आत सारतात आणि पऱ्हाट्या ओढून घेतात. दूध आता हळूहळू आटू द्यायचं. कडेला साय धरली की सराट्याने, म्हणजे उलथन्याने, खरवडून पुन्हा दुधात. बुडाला लागू द्यायचं नाही. आटून निम्म्यापेक्षा थोडं जास्त उरलं, की झालं. बासुंदीइतकं घट्ट नको, कारण दाटपणा पुढे फळातून येणार आहे.

चारोळी दूध आटत आलं की जाते. ही चाराच्या झाडाची बी. सातपुड्यात, मेळघाटात, तिकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात चार मुबलक. उन्हाळ्यात त्याची जांभळट-काळी फळं वेचतात, वरचा गर खाण्यात जातो, आणि आतली कडक बी जात्यात अलगद भरडून डाळीएवढा दाणा काढतात. बाजारात आपण चारोळीचा भाव ऐकून दचकतो, पण तो दाणा अख्खा निघावा म्हणून जातं किती जपून फिरवावं लागतं, हे पाहिलं की तो भाव रास्त वाटतो.

(दृश्य : गंज चुलीवरून उतरवून थंड पाण्याच्या परातीत ठेवतात. नात गराचं भांडं घेऊन उभी.)

आता या पदार्थातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नातीच्या हातात गर तयार आहे, दुधातून वाफ निघते आहे, आणि तिला घाई आहे.

"आजी, टाकू का व?"

"थांब ना व माय. कढत दुधात टाकशीन त सारं कडू होईन."

सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेणाऱ्यांना हे शिकवलं जातं : साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या वर गर गेला की कडसर चव येते, रंगही बिघडतो. म्हणून आंब्याचा रस डबाबंद होतो, पेरूची जेली होते, पण सीताफळाचा जॅम दुकानात सहसा दिसत नाही. कारखानेही त्याचा गर गोठवतात आणि आइस्क्रीमसाठी पाठवतात. आजींकडे तापमापक नाही. त्या गंजाला बाहेरून हाताची पालथी बाजू लावतात. चटका तर नाहीच, कोमटही लागायला नको. परातीतलं पाणी गरम झालं की बदलायचं. पुन्हा हात लावून बघायचा.

मला या थांबण्याचं फार मोल वाटतं. गाजर हलवा असो, दुधी हलवा असो, आपण फळाला, भाजीला विस्तवावर शिजवून, तुपात परतून गोड करतो. इथे विस्तवाचं काम दुधापाशी संपलं. फळ जसं झाडावरून आलं तसं वाटीत जाणार आहे.

(दृश्य : गर काढणं. परातीवर मोठ्या भोकांची चाळणी, आजींचा हात.)

गर काढायचा हातानेच. फळ दोन हातांनी उकलायचं, चमच्याने आतला भाग चाळणीत घ्यायचा आणि डावाच्या पाठीने हलके गोल फिरवत चोळायचं. गर खाली पडतो, काळ्या बिया वर राहतात. सालीला लागून जो रवाळ थर असतो तोही खरवडून घ्या. तो जिभेला कणीदार लागतो, आणि कणी नसलेलं सीताफळ मला तरी अपुरं वाटतं.

मिक्सर वापरू नका. हे कळकळीने सांगते आहे. वेळ वाचवायला बियांसकट गर फिरवला आणि एखादी बी फुटली, तर चव तर जातेच, शिवाय ती बी विषारी आहे. तिची पूड पूर्वापार कीटकनाशक म्हणून, उवा मारायला वापरली गेली आहे. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. अख्खी बी चुकून गिळली गेली तर ती बहुधा तशीच बाहेर पडते. धोका फुटलेल्या बीचा आहे. आजी बिया मोजत नाहीत, पण एकही खाली सांडू देत नाहीत. घरात रांगतं मूल आहे.

गर निघाला की फार वेळ उघडा ठेवायचा नाही. हवा लागली की तो आधी गुलाबी आणि मग तपकिरी पडतो. म्हणून आधी दूध थंड होऊ द्यायचं आणि मग फळ उकलायला बसायचं, हा क्रम बरा. आज नातीने घाईने आधीच काढून ठेवला, त्यावर झाकण घातलं आहे.

(दृश्य : गर दुधात मिसळला जातो. चमच्याने एकाच दिशेने हलवतात.)

"आता साकर?"

"चाखून त पाय आधी."

नात चाखते. साखरेचा डबा तसाच बंद राहतो.

पिकलेल्या सीताफळाच्या १०० ग्रॅम गरात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यातली बरीचशी साखरच. त्याबरोबर ४ ग्रॅमच्या आसपास तंतू आणि ३५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व उष्णतेने घटतं. इथे फळ तापवलंच नाही, त्यामुळे ते बऱ्यापैकी वाटीत पोचतं. अर्थात मधुमेह असलेल्या माणसाने साखर घातली नाही म्हणून दोन वाट्या खाऊ नयेत. फळ स्वतःच पुरेसं गोड आहे.

फळं फिकी निघाली तर? गूळ घालायचा मोह होतो, पण गरम दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची भीती. त्यापेक्षा दूध आटत असतानाच दोन चमचे खारकेची पूड टाका. गोडी येते आणि दाटपणाही. वेलची-जायफळ घालणारे घालतात. मी घालणार नाही. सीताफळाचा वास मुळात इतका नाजूक असतो की जायफळापुढे तो दबून जातो.

(दृश्य : संध्याकाळ. शेजारच्या मुली अंगणात जमल्या आहेत. भिंतीशी मातीची भुलाबाई.)

भाद्रपद पौर्णिमेला बसलेली भुलाबाई, म्हणजे मुली गाणी म्हणून पुजतात ती पार्वती, कोजागिरीपर्यंत असते. रोज गाणी होतात आणि गाणी झाली की खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा हलवून मुली आवाज ऐकतात. फुटाणे वाजतात, शेंगदाणे वाजतात. आज डबा वाजत नाही, फक्त जड लागतो. खीर, शिरा, दहीभात, सगळं सांगून होतं. शेवटी सगळ्यात लहानगी डब्याला नाक लावते आणि नाव घेते.

(दृश्य : वाट्या भरल्या जातात.)

हे गोड त्याच दिवशी संपवायचं. रात्रभर राहिलं तर रंग उतरतो आणि चवीला ते ताजेपण राहत नाही. फ्रिज असेल तर तास-दोन तास थंड करून खा, पण पिकलेली अख्खी फळं फ्रिजमध्ये कोंबू नका, साल काळी पडते. शहरात बाळानगरसारख्या बागायती जातीची मोठी फळं मिळतात. त्यांत गर जास्त, बिया कमी, काम लवकर होतं. रानातल्या फळाला बिया अधिक आणि मेहनत दुप्पट. वास मात्र रानातल्या फळाचा जास्त भरतो, असं मला वाटतं.

बाजारात गेलात तर डोळे उकललेलं, देठाशी मऊ झालेलं फळ मागून घ्या. विकणारी बाई ते स्वस्तात देईल, कारण उद्या ते तिच्या टोपलीत टिकणार नाही. घरी आल्यावर आधी दूध आटवा, ते पूर्ण थंड होऊ द्या, मग फळ उकला. आणि पहिली वाटी साखरेचा डबा न उघडता वाढा.