फुंकण्याआधीची 15 मिनिटं

(दृश्य: पहाटेचं जंक्शन. क्रू लॉबीचं काउंटर. भिंतीवरचं घड्याळ.)

पहाटेचे 4 वाजून 10 मिनिटं. फलाटावरचा चहाचा स्टोव्ह नुकता पेटलाय. इथे लॉबीत मात्र वर्दळ आहे. पाठीला बॅग, हातात डबा, असा एक लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक, आत येतो. हजेरीच्या आधी तो काउंटरवरच्या ब्रेथ ॲनालायझरसमोर, म्हणजे श्वासातली दारू मोजणाऱ्या एका छोट्या यंत्रासमोर, उभा राहतो. त्याच्यासमोरच वेष्टन फाडून नवी नळी काढली जाते.

'फुंका... अजून... अजून... बास.'

यंत्र टुक् करतं. पडद्यावर तीन शून्यं. मग साइन ऑन, मग कागदपत्रं, वॉकीटॉकी आणि मग गाडी. मागोमाग ट्रेन मॅनेजर. जुन्या लोकांच्या तोंडी अजून गार्डसाहेबच. त्यांनाही नवी नळी, त्यांनाही तेवढीच लांब फुंक.

गाडी चालवण्याशी थेट संबंध असलेल्या कर्मचाऱ्यानं ड्यूटीआधीचे 8 तास दारूला स्पर्श करायचा नाही, असा रेल्वेचा नियम आहे. विमानाच्या बाबतीत हे अंतर 12 तासांचं. तिथे तर अल्कोहोल असलेलं माउथवॉशही वैमानिकाला चालत नाही.

(दृश्य: टेबलावर उघडलेलं यंत्र. चिमट्यात धरलेली चकती.)

ही चकती नीट बघा. नाण्याएवढी. हिला फ्युएल सेल म्हणतात. हिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा थर असतो. श्वासातलं अल्कोहोल त्या थरावर आलं की त्याचं ॲसिटिक ॲसिड होतं, म्हणजे आपल्या घरातल्या व्हिनेगरमधलं आम्ल. हे होताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहते. जितकं अल्कोहोल जास्त, तितकी वीज जास्त. पडद्यावरचा आकडा या विजेचा आहे.

पण श्वास तोंडातून येतो आणि कायदा रक्ताचं विचारतो. हा सांधा जुळतो तो फुप्फुसात. तिथे रक्त आणि हवा यांच्यामध्ये इतका पातळ पडदा असतो की रक्तातलं अल्कोहोल ठराविक प्रमाणात हवेत उतरतं. हिशेब असा धरतात: 1 मिलिलिटर रक्तात जितकं अल्कोहोल, तितकंच फुप्फुसातल्या 2100 मिलिलिटर हवेत. म्हणून 'अजून, अजून' म्हणायचं. सुरुवातीची हवा तोंडातली आणि घशातली, खोलवरची हवा शेवटी येते. गाल फुगवून सोडलेली फुंक यंत्राच्या उपयोगाची नाही. हे 2100 सरासरीचं आहे, माणसागणिक ते थोडं कमी-जास्त होतं. यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

(दृश्य: कॅलिब्रेशनची बरणी. आत उठणारे बुडबुडे.)

या काचेच्या बरणीत पाणी आणि मोजून घातलेलं अल्कोहोल आहे. तापमान 34 अंश सेल्सियस. आपण सोडतो तो श्वास साधारण इतकाच उबदार असतो. हवा या पाण्यातून बुडबुडत वर येते आणि नळीतून यंत्रात जाते. आकडा किती यायला हवा हे आधीच माहीत असतं. तो आला नाही, तर यंत्र जुळवून घ्यायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. किराणा दुकानातला तराजू तपासून त्यावर शिक्का मारतात ना, तसंच हे. तराजू चुकला तर शंभर ग्रॅम साखर जाते. इथे नोकरी जाते.

(दृश्य: जुनं छायाचित्र. फुग्यात फुंकणारा माणूस, शेजारी पोलीस.)

हा फुगा अमेरिकेतला, 1930 च्या दशकातला. इंडियाना विद्यापीठातल्या रोला हार्गर यांनी बनवलेला ड्रंकोमीटर. फुग्यातली हवा पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणातून सोडायची आणि रंग उडतो का ते बघायचं. विहिरीत टाकायचं ते आपलं जांभळं औषध, तेच हे. पुढे 1954 मध्ये इंडियानाच्याच पोलीस दलातले रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी ब्रेथलायझर आणला आणि रंगाचा अंदाज डोळ्यांऐवजी यंत्र घेऊ लागलं.

(दृश्य: चंदेरी पाकीट. टोकाला छोटी गादी असलेली पट्टी. घड्याळाचा सेकंदकाटा.)

आता ही पट्टी. हिला बॅटरी लागत नाही, फुंकावंही लागत नाही. टोकाची गादी लाळेनं भिजवायची आणि साधारण 2 मिनिटं थांबायचं. गादीत अल्कोहोल ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. लाळेत अल्कोहोल असेल तर रंग हिरव्या-निळ्याकडे झुकतो. पाकिटावरचा रंगतक्ता शेजारी धरून जुळवायचं. वेळ टळल्यावर वाचलेला रंग फसवतो. मुदत संपलेली पट्टीही फसवते.

या पट्टीला कुठे आणि किती मान द्यायचा, याचा चोख नियम अमेरिकेत आहे. ऑगस्ट 1991 मध्ये न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेची गाडी दारू प्यालेल्या मोटरमननं रुळावरून घालवली, 5 प्रवासी गेले. त्याच वर्षी वाहतुकीतल्या कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा झाला. तिथे लाळेची पट्टी फक्त पहिल्या चाळणीसाठी चालते. ती कर्मचाऱ्यासमोर फोडायची, मुदत बघायची. आकडा 0.02 (म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 20 मिलिग्रॅम) किंवा त्याहून वर गेला तर त्यावर शिक्कामोर्तब होतं ते फक्त श्वासाच्या मान्यताप्राप्त यंत्रावर, आणि तेही किमान 15 मिनिटं थांबल्यावर. या 15 मिनिटांत खाणं नाही, पिणं नाही, तोंडात काहीच घालायचं नाही.

ही 15 मिनिटं कशासाठी, ते आम्ही करून पाहिलं.

(दृश्य: आमचा सहकारी. माउथवॉशची बाटली. यंत्र.)

आमच्या या सहकाऱ्यानं आयुष्यात दारू घेतलेली नाही. तो माउथवॉशनं गुळण्या करतो, थुंकतो आणि लगेच फुंकतो. पडद्याकडे बघा.

(इथे निवेदन नाही. आकडा चढताना दिसू द्यावा.)

हा आकडा रक्तातला नाही. हिरड्यांना, गालाच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या चार थेंबांचा आहे. आता तो गप्प बसून राहतो. घड्याळाचा काटा फिरतो. 15 मिनिटांनी पुन्हा फुंक. तीन शून्यं.

कोकणातल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. जास्त पिकलेला बरका फणस कसा आंबूस होतो, हे त्याला माहीत आहे. आंबताना त्यात थोडं अल्कोहोल तयार होतं. जुलै 2025 मध्ये केरळात पंदळमच्या एसटी डेपोत चालकांनी सकाळी फणसाचे गरे खाल्ले आणि चाचणीत दोषी दिसले. शेवटी ज्यानं काही खाल्लं नव्हतं अशा माणसाची आधी फुंक घेतली, मग त्याला गरे खायला देऊन पुन्हा घेतली, तेव्हा उलगडा झाला.

(दृश्य: फक्त हात. स्टीअरिंग धरून घट्टे पडलेले तळवे.)

या काकांचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, नावही सांगणार नाही. वीस वर्षांची चालकाची नोकरी. पहाटे निघताना खोकल्याचं औषध घेतलं, गेटवर फुंकले, आकडा आला. 'साहेब, पाणी पिऊन पुन्हा घ्या' म्हणाले. दुसरी फुंक कुणी घेतली नाही, छापील चिठ्ठी मिळाली नाही. पुढे निलंबन, चौकशी.

(दृश्य: रात्रीची नाकाबंदी. बॅरिकेडचे चमकते पट्टे.)

रस्त्यावरचा कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 185. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. याच दुरुस्तीनं ब्रेथ ॲनालायझरच्या जोडीला 'इतर कोणतीही चाचणी' हे शब्दही आले. चाचणी घेणारा पोलीस गणवेशात असावा लागतो. अटक झाली तर 2 तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते.

नुसत्या वासावर भागत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तोंडाला वास, लडखडती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

(दृश्य: रुग्णालय. दंडाला बांधलेली पट्टी, सिरिंज.)

रक्त घेताना आपल्याकडचा जुना नियम किती बारीक आहे बघा. मुंबई दारूबंदी कायद्याखालचे 1959 चे नियम सांगतात की रक्त काढताना कुठेच अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. म्हणजे सुई टोचण्याआधी एरवी कातडीवर फिरतो तो स्पिरिटचा बोळा इथे चालणार नाही. साठ वर्षांहून जुन्या नियमाला बोळ्याची काळजी आहे. तीच काळजी फुंकणाऱ्याच्या तोंडाबद्दल गेटवर घ्यायला काय लागतं? एक बाक आणि एक घड्याळ.

(दृश्य: पुन्हा लॉबी. उजाडलंय.)

5 वाजून 20 मिनिटं. आता एक तरुण सहायक लोको पायलट रांगेत आहे. काउंटरवरच्या ताई आधी विचारतात, 'चहा-बिस्कीट, औषध, काही घेतलंत?' 'आत्ताच गोळी चघळली, ताई. घशासाठी.' 'मग बसा तिकडे.' तो बाकावर बसतो. ताई वहीत वेळ टिपतात.

(बाक, घड्याळ, बाहेर इंजिनाचा भोंगा. निवेदन नाही.)

5 वाजून 35. ताई नव्या नळीचं वेष्टन फाडतात.

'या. फुंका.'