लायसन्स बदललं, मग आपलं जुनं सॉफ्टवेअर अडकलं काय?

नमस्कार मंडळी, बेळगावातनं बोलतोय. कमेंटमध्ये परत परत तोच प्रश्न येतोय, "सर, फ्रेमवर्कचं लायसन्स बदललं, आता आमचं काय?" फ्रेमवर्क म्हणजे ज्यावर आपण आपलं सॉफ्टवेअर बांधतो तो तयार सांगाडा, आणि ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, वापरता, बदलता येतो ते. आता सरळ मुद्द्यावर येतो.

लायसन्स व्हर्जनला चिकटलेलं असतं, नावाला नाही. स्काला आणि जावा या भाषांत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं अक्का नावाचं फ्रेमवर्क घ्या. सप्टेंबर 2022 मध्ये ते बनवणाऱ्या लाइटबेंड कंपनीनं मोकळेपणानं वापरू देणारं अपाची 2.0 लायसन्स सोडून बिझनेस सोर्स लायसन्स लावलं, म्हणजे कोड दिसतो पण वापरावर अटी, पण ते अक्काच्या 2.7 व्हर्जनपासून. 2.6 अपाचीचं होतं आणि अपाचीचंच राहणार, दिलेलं लायसन्स कंपनीला परत घेता येत नाही.

खानापूरचा माझा एक मित्र बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचं स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळतो, त्याला मालकानं फोन करून विचारलं, "फुकटचं आहे म्हणाला होता की ओ, आता बिल येणार काय?" मी त्याला एवढंच म्हटलं, आधी व्हर्जन बघ.

आणि बघायचं कुठं? निपाणीच्या एकानं लिहिलंय, "गिटहबवर लायसन्स फाइल बघितली." अहो, गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट, तिथं मेन ब्रांचवर सगळ्यात ताजा कोड असतो, तिथली फाइल बघून काय उपयोग! आपण वापरतो त्या व्हर्जनच्या टॅगवर, म्हणजे त्या व्हर्जनच्या कोडला लावलेल्या खुणेवर जायचं आणि तिथली फाइल उघडायची. मेनवर आजचं लायसन्स दिसतं, तुमच्या सर्व्हरवर चालणारं कदाचित वेगळंच असेल. म्हणूनच मेजर व्हर्जनचा अपग्रेड डोळे झाकून आपल्या कोडमध्ये मर्ज करू नका, तिथंच तुम्ही नव्या अटी मान्य करून बसता.

आता काहीजण म्हणतात, वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या आत उलाढाल असली तर अक्का फुकटच होतं, मग एवढी बोंब कशाला? मला हे अजिबात पटत नाही. पैशाचा प्रश्नच नाही हो! लोकांनी वर्षानुवर्षं बग शोधले, पॅचेस पाठवले, त्याच भरवशावर आपापली प्रॉडक्ट्स उभी केली आणि मध्येच नियम बदलले. तेव्हा अडीच कोटीची रेघ होती, पुढं ती खाली येणार नाही हे कोण लिहून देणार होतं?

"फोर्क करा की", म्हणजे जुना मोकळा कोड घेऊन वेगळा प्रोजेक्ट काढा, असं म्हणणाऱ्यांनो, फोर्क झालाय, अपाची पेक्को, 2.6 वरनंच काढलेला. पण कोडमध्ये अक्काला बोलावणारी इम्पोर्टची ओळन् ओळ बदलायची, कॉन्फिगमधली नावं बदलायची, अक्कावर बसलेल्या बाकीच्या लायब्रऱ्या पेक्कोवर आल्यात का ते एकेक तपासायचं आणि सगळ्या टेस्ट परत चालवायच्या. हे काम करणाऱ्या पोरांना त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठलं व्हर्जन आहे ते खाली लिहा, टॅगवरची फाइल बघूनच लिहा.