छप्पर गेलेल्या चर्चमधलं गाणं

नमस्कार मंडळी! आज लंडनमधल्या एका चर्चबद्दल बोलूया, ओल्ड स्ट्रीटवरचं सेंट ल्यूक्स. 1733 मध्ये बांधून झालेलं, आणि शिखर बघाल तर चर्चचं वाटणारच नाही, उंच निमुळता दगडी स्तंभ आहे नुसता, निकोलस हॉक्समूरचं काम. पण खालची जमीन काही साथ देईना, इमारत खचत गेली, शेवटी 1959 मध्ये चर्च बंद केलं आणि पुढे छप्परसुद्धा उतरवलं. कितीतरी वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या हो, वर आभाळ!

मग लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने मनावर घेतलं आणि 2003 मध्ये तिथे संगीताचं केंद्र सुरू झालं. नवं छप्पर पोलादी खांबांवर पेललंय, खांब वर जाऊन फांद्यांसारखे पसरतात, जुन्या भिंती तशाच ठेवल्यात.

आता चर्चमध्ये गाणं म्हटलं की लोक म्हणतात, वा, काय आवाज घुमत असेल! घुमतो ना, पण तीच तर अडचण आहे. कॉयरला, म्हणजे एकत्र गाणाऱ्या गटाला, आणि ऑर्गनला ते घुमणं हवंच असतं, सूर एकमेकांत छान मिसळतात, पण तिथेच ड्रम्स वाजवा किंवा माईकवर भरभर बोला, आधीचा आवाज विरायच्या आत पुढचा येऊन आदळतो आणि सगळा नुसता कल्ला होतो. म्हणून अशा हॉलमध्ये जाड पडदे लागतात, बँड असेल तर सोडायचे, कॉयर असेल तर गुंडाळून ठेवायचे. शिवाय बाहेरची ट्रॅफिक आत येऊ नये आणि आतलं वाजवणं शेजाऱ्यांच्या झोपेत जाऊ नये म्हणून खिडक्यांवरही खर्च करावाच लागतो, त्यात कंजूषी केली की तक्रारी सुरू.

पण मला सगळ्यात भावतं ते हे की ऑर्केस्ट्राने ही जागा फक्त स्वतःच्या तालमींसाठी ठेवली नाही. इथे मुलांसाठी वर्कशॉप होतात, आसपासच्या लोकांचा गमेलान ग्रुप आहे, गमेलान म्हणजे इंडोनेशियातलं घंटा आणि काशाच्या पट्ट्यांचं वादन, एकट्याने वाजवायची गोष्टच नाही ती. आणि एक कम्युनिटी कॉयर आहे, त्यात त्याच भागात राहणारी, तिथल्या ऑफिसात काम करणारी माणसं गातात. तिकीट काढून आलेला माणूस कॉन्सर्ट संपली की घरी जातो, पण या कॉयरमधल्या माणसाला पुढच्या तालमीला परत यायचंच असतं, म्हणून मी म्हणते ही इमारत खरी सांभाळलीय ती या लोकांनी.