संगशाक 1944: आकाशातून उतरणारी फौज खंदकात लढली तेव्हा

हा डोंगर बघा. मणिपूर, उखरूल जिल्हा, इम्फाळपासून ईशान्येला. वर संगशाक नावाचं तांगखुल नागांचं गाव, गावाच्या एका टोकाला उंचावर चर्च, आणि तारीख 22 मार्च 1944. डोंगरावर दोन हजारांच्या आसपास माणसं हातात येईल त्याने खंदक खणतायत. तीन फूट खाली गेलं की कातळ लागतो, पुढे काही जात नाही. तारेचं कुंपण मागवलंय पण आलेलं नाही. गावात पाण्याची विहीर नाही. आणि यातल्या बऱ्याच जणांच्या वर्दीवर पॅराशूटचे पंख आहेत, म्हणजे ज्यांना विमानातून उडी मारून लढायला शिकवलं ती ही माणसं, आणि ती इथे चालत आलीयत.

हे होतं 50वं भारतीय पॅराशूट ब्रिगेड. याच ब्रिगेडच्या आजूबाजूला पुढे 44वी इंडियन एअरबोर्न डिव्हिजन, म्हणजे विमानातून उतरून लढणारी मोठी फौज, उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातली भारताची एकमेव एअरबोर्न डिव्हिजन. अमेरिकेच्या 82व्या आणि 101व्या डिव्हिजनबद्दल आपल्याकडच्या पोरांना सगळं पाठ असतं, नॉर्मंडी कधी, कोण कुठे उतरलं, सगळं. आपल्या डिव्हिजनचं नावसुद्धा माहीत नसतं. म्हणून हा व्हिडिओ. आणि अजून एक कारण आहे, त्या डोंगरावर मराठ्यांची एक आख्खी पलटण होती, त्याच्याकडे येतो.

आधी थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर 1941, दिल्ली. तिथे हे ब्रिगेड उभं राहिलं. तीन पलटणी, म्हणजे बटालियन, 151 ब्रिटिश, 152 इंडियन आणि 153 गुरखा. 152 मध्ये भारतीय सैन्याच्या वेगवेगळ्या रेजिमेंटमधून स्वतःहून नाव दिलेली माणसं होती, वेगवेगळ्या धर्माची, जातीची, भाषेची. त्या काळात पलटणी बहुतेक जातवार, प्रांतवार भरायचे, त्यामुळे ही गोष्ट साधी नव्हती.

सामान काय होतं? जवळजवळ काहीच नाही. पॅराशूट मोजकीच, ती बाहेरून यायची. विमान म्हणाल तर विकर्स व्हॅलेन्शिया नावाची जुनी, एकावर एक दोन पंख असलेली धुडं, विमानाच्या तळाला भोक पाडलेलं आणि त्या भोकातून खाली उडी मारायची. पहिल्या उड्या ऑक्टोबर 1941 मध्ये कराचीला झाल्या. त्या सुरुवातीच्या दिवसांत उडी मारणारे पहिले भारतीय म्हणून दोन नावं घेतली जातात, डॉक्टर लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. रंगराज हे नाव लक्षात ठेवा, हाच माणूस पुढे 1951 ला कोरियाच्या युद्धात 60 पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स घेऊन अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर मुनसानला उडी मारणार आहे आणि महावीर चक्र मिळवणार आहे.

1942 मध्ये ट्रेनिंग दिल्लीहून रावळपिंडीजवळ चकलालाला हललं. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅप्टन जिमी रॉबर्ट्स दहा-अकरा जणांची तुकडी घेऊन बर्मात जपान्यांच्या मागे उतरला, उत्तर बर्मातल्या मितक्यिना भागात काय चाललंय ते बघायला, आणि पायी जंगलातून बाहेर पडला. ट्रेकिंग करणाऱ्यांसाठी सांगतो, हा तोच रॉबर्ट्स ज्याने नंतर नेपाळात पर्यटकांचे ट्रेक सुरू केले. 151 ब्रिटिश पलटण मध्यपूर्वेला गेली, तिचा नंबर बदलून 156 झाला आणि ती शेवटी युरोपात, हॉलंडमधल्या आर्नहेमला लढली. तिच्या जागी 154 गुरखा आली.

आता 1944. ब्रिगेडियर होप-थॉमसन, वयाने तरुण, त्यांनी ब्रिगेडला जंगलात लढायचा सराव मिळावा म्हणून मणिपूर-नागा डोंगरांच्या बाजूला आणलं. सराव म्हणून बरं का. लढाईची आघाडी तिथून लांब आहे असं सगळे समजत होते.

आणि इथे जपान्यांची गोष्ट समजून घ्यायला लागेल. जनरल मुतागुची यांच्या 15व्या सेनेने मार्चमध्ये चिंदविन नदी ओलांडली. इम्फाळ घ्यायचं, आणि त्याच वेळी 31व्या डिव्हिजनने, जनरल सातो यांच्या, उत्तरेला जाऊन कोहिमा घ्यायचं म्हणजे इम्फाळचा रस्ताच तुटेल. जनरल स्लिम, बर्मातल्या 14व्या सेनेचे प्रमुख, यांना वाटत होतं की एवढ्या दुर्गम डोंगरातून जपानी कोहिमाला फार तर एक रेजिमेंट, म्हणजे तीनेक पलटणी, पाठवू शकतील. पाठवली आख्खी डिव्हिजन. ही आपली चूक झाली हे स्लिम यांनी नंतर स्वतः मान्य केलं. त्या डिव्हिजनची डावी बाजू, मेजर जनरल मियाझाकी आणि त्यांची 58वी रेजिमेंट, बरोबर उखरूलच्या वाटेने आली. त्या वाटेवर आपले हे पंखवाले.

(नकाशा: शेल्डन्स कॉर्नर, पॉइंट 7378, उखरूल, संगशाक)

19 मार्च. पॉइंट 7378 ही टेकडी, तिच्यावर 152 ची सी कंपनी, कमांडर मेजर जॉन फुलर. खालून जपानी दिसायला लागले ते थांबेचनात. एका कंपनीवर रेजिमेंटचा रेटा आला. फुलर पडले, एकेक करून अधिकारी पडले, ए कंपनी मदतीला निघाली पण पोचू शकली नाही. रात्रभर लढाई चालली आणि 20 तारखेला सकाळी ती कंपनी संपली. परत आलेली माणसं वीसच्या आसपास. आपल्याकडे वर्णन करायला कोणी उरलं नाही म्हणून शेवटचं वर्णन जपानी बाजूने आलंय, की टेकडीच्या माथ्यावर एक अधिकारी दिसला, त्याने सगळ्यांसमोर पिस्तूल डोक्याला लावलं आणि चालवलं, आणि खालचे जपानी सैनिक गप्प झाले. जपान्यांची त्या टेकडीवर 160 माणसं मेली किंवा जखमी झाली. एका कंपनीने घेतलेली किंमत आहे ही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून ठेवलं होतं, पुढे वाचवेना.

या सगळ्यात मराठे कुठे? तर पॉइंट 7378 जवळच्या शेल्डन्स कॉर्नर नावाच्या जागी, त्याच भागात 4/5 मराठा लाइट इन्फंट्री होती, म्हणजे 5व्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण, कमांडर कर्नल ट्रिम. ही पॅराशूटवाली पलटण नाही, साधी पायदळाची, मूळची 49व्या ब्रिगेडची. तिला होप-थॉमसनच्या हाताखाली दिलं. बेळगावचं सेंटर, आणि माणसं सातारा, कोल्हापूर, कोकण, घाटावरच्या गावागावांतली. 152 आणि मराठे दोघांनाही मागे घेतलं आणि सगळे संगशाकला एकत्र आले. 153 गुरखा, नेपाळच्या कालीबहादूर रेजिमेंटची माणसं, खेचरांवरून तोफा नेणारी 15वी माउंटन बॅटरी आणि 80 पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स, सगळे त्या एका डोंगरावर. जागा किती, तर लांबी सातशे-आठशे मीटर आणि रुंदी त्याच्या निम्मी.

22 ला संध्याकाळी मियाझाकींच्या माणसांनी हल्ला केला. खरं तर संगशाक त्यांच्या वाटेत नव्हतं, ते शेजारच्या 15व्या डिव्हिजनच्या हद्दीत होतं, पण आपल्या बाजूला एवढी फौज जिवंत ठेवून कोहिमाला कसं जायचं म्हणून ते वळले, आणि त्यांना वाटलं रात्रीत काम होईल. त्या रात्री झालं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.

पाण्याचं काय ते सांगतो, कारण नकाशावर बाण काढून लढाई समजत नाही. गाव डोंगराच्या डोक्यावर, झरे खाली उतारावर, आणि खाली जपानी. त्यामुळे तहान. जखमींना, मशीनगनला, सगळ्यांना तेच मोजकं पाणी. खेचरं मेली ती तिथेच पडली, कारण पुरायला माती नाही, कातळ आहे. माणसांचंही तेच. पावसाने आणि तोफगोळ्यांनी उथळ खंदक उघडे पडायचे. डॉक्टर कुठे काम करत होते, तर त्याच गोळीबारात, कारण त्या जागेत मागची बाजू असं काही नव्हतंच.

आणि वरून रसद यायची. विमानं यायची, पॅराशूटने पेट्या टाकायची, आणि जागा एवढी लहान की बहुतेक पेट्या जपान्यांच्या पदरात पडायच्या. खंदकातून ते बघत बसायचं, आपलं पाणी, आपला दारूगोळा त्यांच्याकडे तरंगत चाललाय. हे कोण बघतंय, तर पॅराट्रूपर, ज्यांचं सगळं आयुष्य त्या छत्रीच्या भरवशावर. पण एक डाकोटा, म्हणजे मालवाहू विमान, होतं जे दर वेळी एकदम खाली यायचं, गोळ्या अंगावर घ्यायचं आणि बरोबर वेढ्याच्या आत माल टाकायचं. नंतर कळलं की त्या विमानातली माणसं चकलालाला याच ब्रिगेडला उड्या मारायला घेऊन जायची. खाली कोण आहे हे त्यांना माहीत होतं. ही वाचलेल्या लोकांनी सांगितलेली आठवण आहे, मला या आख्ख्या लढाईतली सगळ्यात जवळची वाटते.

24 तारखेच्या सुमाराला एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याकडे नकाशे सापडले. त्यात 31व्या डिव्हिजनचा बेत होता, कोहिमासकट. होप-थॉमसननी त्याची नक्कल करून घेतली आणि एका तरुण गुप्तवार्ता अधिकाऱ्याला वेढ्यातून बाहेर काढून इम्फाळला पाठवलं. एवढी मोठी माहिती, पण वाचलेल्यांची कायमची खंत राहिली की तिचं श्रेय त्या डोंगराला कधी नीट दिलंच गेलं नाही.

25 ला जपान्यांच्या 15व्या डिव्हिजनच्या तोफाही येऊन पोचल्या. 26 ला पहाटे चर्चच्या टेकाडावर जपानी चढले आणि मग ती जागा दिवसभर याच्या हातातून त्याच्या हातात. माउंटन बॅटरीचे तोफची समोर दिसणाऱ्या माणसावर नेम धरून तोफा चालवत होते. 152 आणि 153 चे बहुतेक अधिकारी एव्हाना मेलेले किंवा जखमी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वायरलेसवर निरोप आला, लढत बाहेर पडा, आधी दक्षिणेला आणि मग पश्चिमेला. रात्री साडेदहाला निघाले. चालू शकणारे जखमी दुसऱ्याच्या खांद्यावर, अंधार, उतार, जंगल, लहान लहान टोळ्या करून दिवस-दिवस चालत इम्फाळच्या बाजूला पोचले. ज्यांना हलवताच येत नव्हतं असे शंभरेक जखमी मागे ठेवावे लागले. ज्याने हा निर्णय घेतला त्याच्या मनाचं काय झालं असेल ते मला माहीत नाही, पण तो निर्णय घेतला नसता तर कोणीच आलं नसतं.

आपली सुमारे 600 माणसं गेली, मेलेली-जखमी-बेपत्ता धरून. जपान्यांच्या 58व्या रेजिमेंटचीही जवळपास तेवढीच.

आणि मग दोष दिला गेला. होप-थॉमसनना कमांडवरून काढलं, इंग्लंडला पाठवलं, हुद्दा खाली आला. लढाईत ब्रिगेडचा फज्जा उडाला अशी कुजबुज अनेक वर्षं राहिली. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते तारखा मांडून सांगतो.

19 ते 29 मार्च, बरोबर याच दिवसांत, 5वी इंडियन डिव्हिजन बर्माच्या किनाऱ्यावरच्या अराकानच्या लढाईतून थेट विमानाने उचलून इम्फाळ आणि दिमापूरला आणत होते. माणसं, तोफा, खेचरं, सगळं विमानात. कोहिमात त्या आठवड्यात लढणारी फौज जवळजवळ नव्हतीच. मियाझाकींची ती तुकडी जर 23-24 मार्चला संगशाक सोडून सरळ पुढे गेली असती तर कोहिमात तिच्यासमोर कोण होतं? ती अडकली, तिची चांगली माणसं आणि जवळजवळ एक आठवडा तिथे खर्च झाला. कोहिमावरचा हल्ला 4 एप्रिलला सुरू झाला आणि रॉयल वेस्ट केंट पलटण 5 तारखेला, म्हणजे एका दिवसाच्या फरकाने आत शिरली. एका दिवसाच्या! उत्तरेला जेस्सामी आणि खारासोमला आसाम रेजिमेंटनेही असेच दिवस विकत घेतले, त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करेन. ऑगस्टमध्ये स्लिमनी खास आदेश काढून 50व्या ब्रिगेडचं कौतुक केलं, पण कुजबूज थांबायला त्यापेक्षा खूप वेळ लागला.

आता डिव्हिजन. 1944 मध्ये ती औपचारिक उभी राहिली, कमांडर मेजर जनरल अर्नेस्ट डाऊन, 50वं ब्रिगेड, चिंदितांच्या, म्हणजे जपान्यांच्या मागे जंगलात घुसून लढणाऱ्या फौजेच्या, माणसांतून केलेलं 77वं, आणि 14वं एअरलँडिंग ब्रिगेड जे ग्लायडरने, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाने, जाणार. आख्खी डिव्हिजन म्हणून ती कधीच उतरली नाही. एकच मोठी उडी झाली, 1 मे 1945, रंगूनच्या तोंडाशी एलिफंट पॉइंट. 153 आणि 154 मधून एक गुरखा पलटण जुळवली, मेजर न्यूलँड कमांडर, बर्माच्या किनाऱ्यावरच्या अक्याबहून डाकोटांनी पहाटे नेऊन टाकली. नदीच्या मुखावरचे जपानी बंकर घ्यायचे होते कारण जहाजं तिथून आत जाणार. आपल्याच बाजूच्या बॉम्बरनी टाकलेले बॉम्ब आपल्याच एका कंपनीवर पडले, तरी संध्याकाळपर्यंत फ्लेमथ्रोअर घेऊन बंकर साफ केले. आणि रंगून? जपानी शहर आधीच सोडून गेले होते.

युद्धानंतर डिव्हिजनचं नाव 2री इंडियन एअरबोर्न झालं आणि 1947 ला फाळणीत ती वाटली गेली, 50 आणि 77 भारताकडे, 14 पाकिस्तानकडे. 50व्या ब्रिगेडला काश्मीरमध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान मिळाले, नौशेराच्या लढाईचे, जे 3 जुलै 1948 ला झांगरला शहीद झाले.

आणि मराठ्यांचं? 3/5 मराठा ही पलटण, ज्या पलटणीत नाईक यशवंत घाडगे यांना इटलीत 10 जुलै 1944 च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच पुढे पॅराशूटवाली झाली आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण बनली, 2 पॅरा, मराठा. 11 डिसेंबर 1971 ला कर्नल पन्नूंच्या कमांडखाली हीच पलटण बांगलादेशात टांगाइलला उतरली, पुंगलीचा पूल धरला, आणि 16 तारखेला ढाक्यात पहिली शिरली. ती ज्या ब्रिगेडची पलटण म्हणून गेली ते ब्रिगेड होतं 50वं पॅराशूट, संगशाकवालं. आज त्याचं मुख्यालय आग्र्याला आहे.

तुमच्या घरात कोणाचे आजोबा-पणजोबा 4/5 मराठामध्ये होते का, पेटीत जुनं डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळणारं), बर्मा स्टार पदक असं काही आहे का, ते बघा. डिस्चार्ज बुकात पलटणीचा नंबर सापडू शकतो. 4/5 आणि 1944 दिसलं तर खाली लिहा, घराण्याचं नाव नको, फक्त तालुका लिहिला तरी चालेल. मला तो डोंगर कुठल्या कुठल्या गावांनी धरला होता त्याचा नकाशा करायचाय.