जांभळी नाक्यावरची वांगी साडी

(दृश्य: सकाळ. अर्धवट वर केलेलं शटर. काउंटरवर कुरियरचं फोडलेलं पाकीट.)

हे पाकीट साताऱ्याहून परत आलंय. आत साडी आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आहे: "ताई, व्हिडिओत निळी होती. आली ती वांगी."

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत हे दुकान आहे. आठ बाय बाराचं. माझ्या मित्राच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं. लॉकडाऊनमध्ये शटर बंद होतं तेव्हा त्यांनी फोनवर साड्या दाखवायला सुरुवात केली, आणि आता निम्म्याहून जास्त विक्री रीलवरून होते. गल्ल्याखाली एक दुरेघी वही आहे, परत आलेल्या साड्यांची. तारीख, गाव, कारण. कारणाच्या रकान्यातून बोट खाली नेत गेलं की दिसतं: रंग. रंग. काठ उसवला. रंग. रंग.

वहिनींनी मला विचारलं ते एवढंच. "भाऊजी, लाखाचा फोन घेतला तर ही वही बंद होईल का?"

(दृश्य: फोनची पाठ. लोगोवर काळी टेप.)

हा तो लाखाचा फोन. एका कॅमेरामन मित्राकडून पाच दिवसांसाठी मागून आणलाय. टेप मी लावली. या किमतीतले आणखी दोन-तीन फोन मी वापरलेत, खोडी सगळ्यांच्या थोड्याफार त्याच. आणि नाव सांगितलं की आपण चित्र बघायचं सोडून कंपन्यांची वकिली करायला लागतो.

पाठीवर अनारशाएवढा गोल. त्यात तीन भिंगं. अशा फोनांवर हल्ली लायका, झाइस, हॅसलब्लाड अशी जर्मन नाहीतर स्वीडिश नावं कोरलेली असतात. आतला मुख्य सेन्सर, म्हणजे भिंगामागची उजेड टिपणारी चिप, 'एक इंची'. आता तो एक इंच फूटपट्टी घेऊन शोधलात तर कुठेच सापडणार नाही. सेन्सर आहे १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तरी सोळा मिलिमीटर भरत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिचा बाहेरचा व्यास एक इंच. चित्र उमटायचं ते आतल्या लहान भागावर. नळ्या गेल्या, माप तेवढं राहिलं. तरी फोनच्या मानानं हा सेन्सर अवाढव्यच. लग्नाच्या फोटोग्राफरकडे जो फुल-फ्रेम कॅमेरा असतो, त्याच्या सेन्सरच्या सातव्या हिश्श्याहून थोडा कमी.

(दृश्य: दुकानातल्या ट्यूबलाइट. साडीची घडी उलगडते.)

पहिली परीक्षा त्याच परत आलेल्या साडीवर. रंग तपासायचा चार्ट मी घरी विसरलो होतो. वहिनी म्हणाल्या, "त्यात काय एवढं?" आणि मुलीला मंडईत पिटाळलं. पाच मिनिटांत ती पाव किलो काटेरी वांगी घेऊन आली. वहिनींनी त्यातलं एक पुसून साडीच्या पदराशेजारी ठेवलं.

माझ्या चार्टवर चोवीस चौकोन आहेत. त्यातला एकही चौकोन साताऱ्याच्या गिऱ्हाइकानं आयुष्यात पाहिलेला नाही. वांगं मात्र तिच्या रोजच्या ओळखीचं आहे.

फोन ऑटोवर ठेवला आणि व्हिडिओ घेतला.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर निळी साडी. शेजारी निळसर वांगं.)

वांगंही निळं झालं.

लाखाच्या फोननं वांगं निळं करावं, याचं मला हसू आलं. वहिनींना आलं नाही. त्यांनी आपला जुना फोन काढला, तीन वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेला. त्यातही निळंच. फरक इतकाच, की महाग फोनमधलं निळं जास्त सुंदर होतं. जरीची तार न् तार मोजून घ्यावी इतकं स्पष्ट, सावल्या मऊ, आणि रंग ठाम चुकीचा.

हे का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वांगी रंग म्हणजे निळा अधिक लाल. त्यातला लाल बराचसा गडद, इंद्रधनुष्याच्या अगदी टोकाकडचा. आपल्या डोळ्याला तो दिसतो. कॅमेऱ्यात मात्र सेन्सरच्या पुढे एक पातळ गाळणी असते. इन्फ्रारेड किरण अडवणं हे तिचं काम. ते अडवता अडवता ती या टोकाच्या लालातलाही थोडा खाते. हा पहिला घास. दुसरा घास दुकानातल्या दिव्यांचा. स्वस्त एलईडी ट्यूबच्या उजेडात गडद लाल मुळातच कमी. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा. तो आठ फिक्या रंगांची सरासरी काढून ठरतो. गडद लाल या आठांत नाहीच. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नाइन, आणि खोक्यावर तो सहसा छापत नाहीत. तेव्हा सीआरआय ऐंशी असलेल्या ट्यूबखालीही लाल उपाशी राहू शकतो. वांग्यातला लाल असा दोन्हीकडून गेला, की मागे उरतो निळा.

आपल्याकडे साडीच्या दुकानात रंगांना काय काय नावं आहेत! चिंतामणी, आमसुली, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी, राणी, श्रीखंडी. आमसुली आणि डाळिंबी यांत घोळ केला तर वहिनींची सासू गिऱ्हाइकासमोर टोकायची. फोनच्या सेन्सरवर गाळण्या तीनच रंगांच्या: लाल, हिरवी, निळी. त्यातही अर्ध्या हिरव्या. बाकी सगळं गणित करून भरलेलं.

(दृश्य: मोरपंखी पैठणी, हातात हळूहळू फिरते.)

पैठणीनं तर फोनचा पार गोंधळ उडवला. मोरपंखी पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलवला की निळ्याचा हिरवा, हिरव्याचा निळा. सगळी गंमत त्या हलण्यातच. आणि फोनला वाटतं, उजेडाचा रंग बदलला. म्हणून तो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंगांचा तोल, सावरायला जातो. पदर फिरला की साडी बदलते, आणि तिच्याबरोबर मागची भिंत, वहिनींचा हात, सगळंच रंग बदलतं. भिंत गुलाबी होताना मी डोळ्यांनी पाहिली.

मग दोघांनी मिळून फोनचं डोकं बंद केलं. प्रो मोड, म्हणजे सगळं हातानं लावायची सोय. व्हाइट बॅलन्स हातानं लावून तिथेच बांधून टाकला. एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेड, लॉक. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दिवा सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर व्हिडिओत ते काळे पट्टे सरकत नाहीत. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवणारं चित्रण, बंद. हे महत्त्वाचं. महाग फोनच्या झगमगीत पडद्यावर एचडीआर व्हिडिओ राजेशाही दिसतो, तोच गिऱ्हाइकाच्या दहा हजारांच्या फोनवर धुतल्यासारखा पांढुरका होऊ शकतो.

आता भिंत स्थिर राहिली आणि मोर जिवंत झाला. इथे महाग फोनचा पैसा दिसायला लागला, हे कबूल करतो. हातानं लावलेलं तो शेवटपर्यंत सोडत नाही. वहिनींच्या जुन्या फोनमध्ये व्हिडिओसाठी प्रो मोडच नाही. तिथे बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस लॉक होतो, रंग मात्र आपल्या मर्जीनं फिरत राहतो.

(दृश्य: जरीच्या काठाचा क्लोजअप. मध्येच चित्र उडी मारतं.)

ही उडी पाहिलीत? काठ जवळून दाखवायला फोन पुढे नेला, की तो न विचारता मुख्य भिंगावरून वाइड भिंगावर जातो. मोठ्या सेन्सरला फार जवळचा फोकस जमत नाही म्हणून. आणि दोन भिंगांचे रंग जुळत नाहीत. एकाच काठाची जर एका क्षणी तांब्याकडे झुकलेली, पुढच्या क्षणी लिंबाकडे. गिऱ्हाईक विचारणारच, ताई, जर कुठली खरी? यावर तोड निघाली ती टेलिफोटोत, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या भिंगात. हातभर मागे सरकून तिप्पट झूमवर घेतलं, तर काठ सरळ, फोनची सावली साडीवर नाही, आणि जर जरीसारखी. लोक टेलिफोटो घेतात लांबचं टिपायला. साडीच्या दुकानात तो जवळचं दाखवायला कामी येतो.

लांबचंही करून पाहिलं, उगाच वाद नको. भाच्याला घेऊन ऐरोलीच्या बाजूनं खाडीवर गेलो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्षी होते, भरपूर होते. फोन दहापट झूमवर गेला आणि फ्लेमिंगोंना पिसांऐवजी जलरंगाचे फटकारे आले. नसलेला तपशील फोननं आपल्या कल्पनेनं भरला. भाचा म्हणाला, "मामा, डीपीला चालेल."

(दृश्य: दुपार, मग संध्याकाळ. तलावपाळी, पाण्यात दिव्यांच्या रेषा.)

दुपारी तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, उन्हात ४के या बारीक तपशिलाच्या दर्जात, सेकंदाला साठ फ्रेमवर चित्रण लावलं. फोन हातात भाकरीच्या तव्यासारखा तापला. आधी पडदा मंद झाला, मग चित्रण आपोआप थांबलं. लाइव्ह चालू असतं तर गिऱ्हाइकं तिथेच गेली असती. तीस फ्रेमवर तो शहाण्यासारखा वागला, आणि साडी दाखवायला तीस पुरे.

पण संध्याकाळ. मासुंदा तलावावर दिवे लागले, कौपिनेश्वराच्या बाजूनं घंटेचा आवाज, भेळवाल्याच्या गाडीवरचा एकुलता एक बल्ब. वहिनींची मुलगी तो फोन एका हातात धरून चालत गेली. चालताना, हसताना, भेळ खाताना तिनं जे चित्रित केलं, ते पाहून मी गप्प बसलो. अंधार काळाच, पाण्यावरचे दिवे फुटलेले नाहीत, भेळवाल्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. जुन्या फोनवर याच ठिकाणी नुसता चिखल येतो. ज्यांचं काम संध्याकाळनंतर सुरू होतं, खाऊगल्लीवाले, दहीहंडीवाले, रात्रीचं शहर टिपणारे, त्यांनी माझं साडीपुराण सोडून द्यावं आणि फोन घ्यावा. मी अडवणार नाही.

आवाजाचं सांगतो थोडक्यात: दुकानातला पंखा चालू असेल तर लाखाचा फोनही पंखाच ऐकवतो. कॉलरला लावायचा माइक घ्या. फोनमधल्या जागेचंही तसंच. आयफोनच्या प्रो मॉडेलांत प्रोरेस नावाचा, व्हिडिओ फारसा न दाबता साठवणारा पर्याय असतो, त्यात ४केचं एक मिनिट साधारण ६ जीबी खातं. तेच मिनिट एचईव्हीसी या नेहमीच्या, दाबून साठवणाऱ्या प्रकारात १७० एमबीच्या आसपास. आणि शेवटी रील दिसते १०८० बाय १९२० मध्ये. ४केचा उपयोग आहे तो कापाकापीला, पदरावर झूम करायला.

(दृश्य: गल्ल्यावर कॅल्क्युलेटर.)

आता हिशेब. एक लाख, बारा हप्ते, व्याज शून्य धरलं तरी महिन्याला ८,३०० रुपयांच्या वर. वहिनींनी तो आकडा कॅल्क्युलेटरवर तसाच ठेवून वही उघडली आणि परत आलेल्या साड्यांचा जाण्या-येण्याचा कुरियर खर्च मोजला. मोठा होता, पण ८,३०० नव्हता.

चौथ्या दिवशी मी चार हजारांचा एक एलईडी दिवा आणला. खोक्यावर आर-नाइनचा आकडा छापलेला पाहून घेतला. दुकानातल्या ट्यूब बंद केल्या, दिवा लावला, वांगं ठेवलं. जुन्या फोनवर.

(दृश्य: जुन्या फोनचा पडदा. वांगं.)

वांगं वांग्यासारखं दिसलं. अगदी तंतोतंत नाही, किंचित निळसर झाक राहिलीच. लाखाच्या फोनवर, त्याच दिव्यात, हातानं लावलेल्या बॅलन्सवर, तीही जवळजवळ गेली. दोन्ही फोन शेजारी ठेवले तर फरक कळतो. गिऱ्हाइकाकडे दोन फोन शेजारी नसतात.

वहिनी फोन घेणार आहेत. दिवाळीच्या विक्रीनंतर, आणि जमल्यास गेल्या वर्षीचं मॉडेल, कारण सेन्सर वर्षभरात शिळा होत नाही, किंमत होते. टेप काढून मी फोन मित्राला परत दिला. गोंदाचा डाग राहिला म्हणून त्याची बोलणीही खाल्ली.

(दृश्य: सकाळ. इमारतीची गच्ची. टाकीच्या सावलीत दोरीवर साडी, कठड्यावर एक वांगं.)

आता सकाळी दहाच्या आत, ऊन अंगावर यायच्या आधी, वहिनी गच्चीवर टाकीच्या सावलीत साड्या दाखवतात. फोन जुनाच. पाऊस असला की दुकानात नवा दिवा. वांगं मात्र रोज ताजं.

कमेंट येते, "ताई, वांगी कलर आहे का?"

वहिनी एका बोटानं टाइप करतात. "हो. शेजारी ठेवलंय बघा."

"भरताचं की काटेरी?"

"काटेरी."