‘आईला सांगू नकोस’ म्हणणारा माणूस

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत वाढले. आज बोलायचंय ते आमच्या आईने लहानपणी घालून दिलेल्या नियमांबद्दल, कारण मागच्या वर्षी त्यातल्याच एका नियमाने माझ्या मोठ्या भावाची आयुष्यभराची पुंजी वाचली.

नियम तसे तुमच्याही घरी असतीलच. ओल्या हाताने बटण लावायचं नाही, रात्री गॅसचं रेग्युलेटर बंद करायचं, आणि गॅसचा वास आला तर लाइट लावायचाही नाही आणि चालू असेल तर बंदही करायचा नाही, आधी दारं-खिडक्या उघडायच्या. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचून राहतो आणि बटणातली बारीकशी ठिणगी त्याला पुरते.

पावसाळ्यात शाळेची ट्रिप इंदूरजवळच्या पातालपाणीला निघाली की आई डबा हातात देता देता सांगायची, धबधबा लांबून बघ, पाण्यात उतरू नकोस, वर डोंगरात किती पाऊस पडून राहिलाय ते आपल्याला खाली दिसत नाही. आम्हाला वाटायचं ही उगाच घाबरते. २०११ च्या जुलैत तिथे अचानक लोंढा आला आणि प्रवाहात अडकलेली एका कुटुंबातली माणसं काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, मी परत बघू शकलेली नाही.

पण खरा सांगायचाय तो नियम वेगळा. आई म्हणायची, जो तुला म्हणेल ना की आईला सांगू नकोस, त्याची गोष्ट सगळ्यात आधी मला येऊन सांगायची.

मी आठ वर्षांची असताना वाड्यात कोणाकडे तरी आलेल्या एका पाहुण्याने मला पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, उद्या मागच्या जिन्यापाशी ये, आणखी देतो, पण घरी बोलू नकोस. मी तशीच पळत स्वयंपाकघरात गेले, गोळी तोंडात होती, म्हणजे अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही हा नियम तर मोडलेलाच होता, त्यामुळे धपाटा बसणार असं वाटत होतं. आई रागावली नाही. पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, सांगितलंस ते फार चांगलं केलंस. मग ती त्या घरी जाऊन काय बोलली ते मला माहीत नाही, पाहुणा संध्याकाळच्या गाडीने गेला. मंडळी, ती त्या दिवशी रागावली असती ना, तर पुढच्या वेळी मी काहीच सांगितलं नसतं.

आता भावाचं. बँकेतून रिटायर झालेला माणूस, पैशाचे व्यवहार त्याला कोणी शिकवायला नकोत. सकाळी व्हिडिओ कॉल आला, पोलिसाचा युनिफॉर्म, मागे ऑफिससारखं दृश्य, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, खोलीचं दार लावा, कॉल कट करायचा नाही, घरात कोणालाही सांगायचं नाही. तीन तास तो खोलीत बसून होता. एफडी मोडायचं ठरत आलं होतं. आई ७९ वर्षांची, दाराबाहेरून विचारून राहिली होती, अरे जेवायला का येत नाहीस, आणि तो आतून म्हणाला, आई, तुला सांगता येणार नाही. तेवढं ऐकलं आणि तिने दार वाजवायला जी सुरुवात केली ती त्याने उघडेपर्यंत थांबवलीच नाही. आत आली, फोन उचलून बंद केला. मग भाऊ तिच्यापाशी बसून रडला, आणि तेव्हाही ती रागावली नाही.

डिजिटल अरेस्ट असा काही प्रकार भारताच्या कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी ते पुढे सरकायच्या आत अडवले जाण्याची शक्यता जास्त. ज्यांचे आईवडील तिकडे भारतात एकटे असतील त्यांनी त्यांना हा नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहायला सांगा.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. इथे परदेशात शिकायला आलेल्या मुलांनाही फोन येतात, व्हिसा रद्द होईल, डिपोर्ट करू, घरी कळवलंस तर केस वाढेल. वाक्य तेच आहे बघा, जिन्यापाशीचं. आता तर आवाजाचीही नक्कल करता येते, म्हणून आमच्या घरी खुणेचा शब्द परत सुरू केलाय. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला जाताना आई तो कानात सांगायची, राजवाड्याच्या गर्दीत हात सुटला आणि कोणी म्हणालं आईने पाठवलंय, तर आधी शब्द विचारायचा. आता पैशासाठी फोन आला, मग आवाज माझा का असेना, आई आधी तो विचारते.

जी मुलं इथे एकटी राहतात त्यांच्यासाठी माझा नंबर कमिटीकडे दिलाय. असा फोन आला, पैसे गेले असतील, स्वतःचीच चूक वाटत असेल, रात्रीचे दोन वाजले असतील, तरी करा. मी रागावणार नाही.