शिडीवरून उतरलेले तुकोबा

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या मे महिन्यात नागपूर तापलेलं असताना मी भाचीकडे होते, फ्रान्समधल्या लियों शहरात. तिथं क्रुआ-रूस नावाची टेकडी आहे. एके काळची रेशीम विणणाऱ्यांची वस्ती. नक्षीदार कापड विणायचे जकार्डचे माग उंच, म्हणून घरंही तशीच बांधलेली, छत जवळजवळ ४ मीटरवर. आपल्या महाल-इतवारीत कोष्ट्यांच्या मागांचा खटखटाट ऐकत मी वाढले, त्यामुळे त्या गल्ल्यांमध्ये मला परकं वाटलंच नाही.

पावसाची सर आली म्हणून अशाच एका घरात शिरलो, तर आत पुस्तकांचं दुकान. जागा आपल्या बैठकीच्या खोलीएवढी, पण पुस्तकं पार छतापर्यंत, आणि वर पोचायला लाकडी शिडी. कितीतरी पुस्तकांना छोटी चिठ्ठी लावलेली होती, शाईनं लिहिलेली. भाचीनं एक वाचून दाखवली, ‘हे पुस्तक रात्री सुरू करू नका, सकाळी कामावर जायचं असतं.’ फ्रान्समधल्या पुस्तकविक्रेत्यांची ही जुनी रीत आहे. आधी स्वतः वाचायचं, मग गिऱ्हाइकाला सांगायचं.

दुकानाच्या बाई पन्नाशीच्या. तुम्ही कोणती भाषा बोलता, त्यांनी विचारलं. मराठी म्हटल्यावर क्षणभर थांबल्या, शिडी सरकवली, वर चढल्या आणि एक बारीकसं पुस्तक घेऊन उतरल्या. मुखपृष्ठावर नाव होतं तुकाराम!

श्रोतेहो, माझ्या अंगावर काटा आला. गी डेलरी या फ्रेंच अभ्यासकानं तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, १९५६ साली. विठोबाच्या पंथावर पुढं त्यांनी मोठा ग्रंथही लिहिला. बाईंनी एक अभंग मोठ्यानं वाचला. मला फ्रेंचचं अक्षरही कळत नाही, पण मध्येच ‘पंढरी’ ऐकू आलं आणि डोळे भरले. मग मी पाठ असलेला एक अभंग म्हटला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

त्या पुस्तकाला मात्र चिठ्ठी नव्हती. बाईंनी कोरा कागद पुढं केला, म्हणाल्या, ‘तुम्ही लिहा.’ मी मराठीत लिहिलं, ‘आमच्याकडे हे अभंग गात लोक पंढरपूरपर्यंत चालत जातात.’ खाली भाचीनं फ्रेंच केलं. प्रत एकच होती. मी ती घेतली नाही. ती तिथंच असावी, असं फार वाटलं.

नातीसाठी एक चित्रांचं पुस्तक घेतलं आणि सवयीनं म्हटलं, थोडं कमी करा ना. तेव्हा कळलं की तिथं १९८१ पासून कायदाच आहे. किंमत प्रकाशक ठरवणार आणि नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट कुणीच द्यायची नाही, मोठ्यातल्या मोठ्या दुकानानंही नाही. २०२३ पासून तर ३५ युरोंच्या आतली नवी पुस्तकं घरपोच मागवली की किमान ३ युरो पोचवणावळ घ्यावीच लागते. भावाच्या चढाओढीत खोलीएवढं दुकान टिकत नाही, हे त्या देशानं वेळेवर ओळखलं. आपल्याकडे असा कायदा हवा, असं मला मनापासून वाटतं.

कारण वाचणारा विक्रेता आपण पाहिलेला आहे. लहानपणी बाबांबरोबर बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, पुस्तकांच्या दुकानात जायचे. दुकानदारकाका गल्ल्याखालून एखादं पुस्तक काढायचे, ‘गुरुजी, हे तुमच्यासाठी ठेवलं होतं.’ आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. पण दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जाऊन बघा. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं स्टॉलपुढे उकिडवी बसून पुस्तकं चाळतात, विक्रेता सांगतो, ‘ताई, आधी हे वाचा, मग ते मोठं घ्या.’ परतताना पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती पुन्हा त्या दुकानात गेली होती. आमचे तुकोबा कुणीतरी विकत नेले होते. बाईंनी दोन प्रती नव्यानं मागवल्यात, आणि माझी चिठ्ठी तेवढी फळीवर जपून ठेवली आहे, प्रती येईपर्यंत.